मदत हवी आहे : जुन्या फर्मचा लोगो बदलताना डबा ठेवायचा की काढायचा?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आमचं गुंतवणुकीचं ऑफिस आहे. बाबांची एलआयसीची एजन्सी, आईची पोस्टाच्या आरडीची, अशी १९७४ मध्ये सुरुवात झाली. पुढे कंपन्यांच्या एफडी आल्या. आता मुख्यतः म्युच्युअल फंड, आणि ते सगळं मी बघते.

आमच्या पाटीवर पितळी कडीचा डबा आहे. पेंटरने आईचाच डबा समोर ठेवून काढलेला. आरडीचे हप्ते ती त्यातच ठेवायची. चित्रातली कडी जरा तिरकी आहे, कारण खऱ्या डब्याचीही तिरकीच होती. लेटरहेड, पावत्या, रबरी शिक्का, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळीकडे हाच डबा.

बदलायला कारणं आहेत. व्हॉट्सअॅपच्या त्या एवढ्याशा गोलात डबा तुळशीच्या कुंडीसारखा दिसतो. जुन्या ग्राहकांची मुलं बाणेर-हिंजवडीला, उरलेली अमेरिकेत, त्यांची आमची गाठ मोबाइलवरच. शिवाय शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२० मध्ये आमच्यासारख्या फंड वितरकांना 'सल्लागार' म्हणवून घ्यायला बंदी केली, तेव्हा पाटीवरच्या त्या शब्दावर आम्ही पत्र्याची पट्टी ठोकली होती. ती आता गंजून खालच्या डब्यावर तांबूस ओघळ आलेत. गुंतवणुकीच्या दुकानाला हे काही शोभत नाही.

डिझाइन एजन्सीने तीन पर्याय दिले : वर जाणारा बाण, हिरवं पान, आणि नावाचं पहिलं अक्षर निळ्या-जांभळ्या छटेत. तिन्ही छान, आणि तिन्ही उद्या एखाद्या दंतवैद्यालाही चालतील. शिवाय मराठी नावात 'ल' उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा. आपला पाकळीयुक्त 'ल' हवा म्हटलं, तर एजन्सीतला मुलगा म्हणाला, "फाँटमध्ये हाच येतो."

खरी गंमत दिवाळीत झाली. पानवाला लोगो छापून ४० शुभेच्छापत्रं पाठवली. तिघांचे फोन आले, "फर्म विकली का हो?" शनिपाराजवळच्या एक ८३ वर्षांच्या आजी रिक्षा करून आल्या. पाकीट न फोडता टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या नावाने कुणीतरी पाठवलंय. पोलिसांत दे." बाबांनी पाकीट उचललं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून काम थांबलंय. ज्यांनी जुन्या पेढीचं, पतसंस्थेचं किंवा सीए फर्मचं रूप बदललंय त्यांनी सांगा : जुन्या लोकांना कसं सांगितलंत? सगळं एकदम बदललंत की हळूहळू? आणि डब्याचं काय करू?

प्रतिसाद १

डबा काढू नका, पुन्हा रेखाटून घ्या. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलं. २०१७ च्या विलीनीकरणात बँकेने पाटी बदलली, पण वर्तुळ सोडलं नाही. आपल्या महाबँकेचीही दीपमाळच आहे, बाण नाही.

एजन्सीला सांगा, आधी एका रंगात काढा. रबरी शिक्क्यात आणि मोबाइलच्या टिकलीएवढ्या गोलात ओळखू आला तर पास. छटाबिटा नंतर. 'ल'चं म्हणाल, तर काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपला 'ल' येतो. नाहीतर सरळ हाताने काढून घ्या, नावात अक्षरं असतात किती!

प्रतिसाद २

आधीचा डबा ट्रेडमार्क केलेला आहे का? असेल तरी नव्या चित्रासाठी नवा अर्ज लागेल. आर्थिक सेवांचा वर्ग ३६. चित्रासोबत नुसत्या नावाचाही वेगळा अर्ज करा, म्हणजे पुढे चित्र बदललं तरी नाव सुरक्षित. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला 'आर' (®) छापू नका, ते बेकायदेशीर आहे, दंड होतो. पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसांनाही हे लागू आहे.

आजींचं मात्र काही चुकलं नाही. सध्याच्या दिवसांत असंच वागायला हवं. आधी जुन्याच लेटरहेडवर बाबांच्या सहीचं पत्र जाऊ दे : चिन्ह अमुक महिन्यापासून असं दिसेल, फोलिओ (फंडातला खाते क्रमांक), फोन, पत्ता तोच, यासाठी कुणालाही ओटीपी देऊ नका. निदान वर्षभर पाकिटावर जुना आणि नवा डबा शेजारी शेजारी छापा. पाटी सगळ्यात शेवटी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पत्राची कल्पना बाबांना पटली, मसुदा त्यांनी कालच लिहायला घेतला. आजींना पहिलं पत्र मीच नेऊन देईन. एजन्सीला दोन्ही 'ल'चे फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मॅम, दोन्ही सेमच आहेत ना?" म्हणजे अक्षरं हातानेच काढून घ्यावी लागणार. कुणी ओळखीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माळ्यावरून आईचा डबा काढलाय. नव्या चित्रात कडी सरळ करायची की तिरकीच ठेवायची, यावर घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, सरळ करा, मला तेव्हाही आवडली नव्हती.