मदत हवी आहे : अँटीव्हायरस दुकानात चालतो, घरी आणला की बंद

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातून लिहितेय, परभणी जिल्हा. घरी डेस्कटॉप आहे, विंडोज १०, मशीन बरंच जुनं. आमच्या महिला बचत गटाचा सगळा हिशेब त्याच्यावर एक्सेलमध्ये ठेवते. कुणाची बचत किती, कर्ज किती उचललं, हप्ता कधी आला, व्याज किती झालं. वहीपण लिहितो आम्ही, पण व्याजाचा आकडा फाइलच काढते. गटातल्या बायांचा घामाचा पैसा आहे, म्हणून जिवाला घोर लागलाय.

अँटीव्हायरस विकत घेतलेला आहे आणि लायसन्सची मुदत अजून पुष्कळ बाकी आहे. तरी पावसाळा लागल्यापासून कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह लाल झालंय. उघडलं की लायसन्स चालत नाही म्हणतो. अपडेट मारला की सर्व्हरशी संपर्क होत नाही. त्याच वायफायवर मोबाइल व्यवस्थित चालतो. कॉम्प्युटरवर मात्र बँकेची साइटसुद्धा उघडेना, लाल त्रिकोण येतो.

सीपीयू दुकानात नेला. त्यांनी काहीतरी सेटिंग केली, अपडेट मारला, हिरवी खूण मी समोर बसून पाहिली. घरी आणून जोडला तर पुन्हा लाल. आता दुकानदार म्हणतात तुमच्या घरच्या नेटमध्येच व्हायरस आहे, फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकावं लागेल.

भाच्यानं मध्यंतरी फुकटातला दुसरा अँटीव्हायरस टाकून दिला. त्यानं पण अपडेट घेतला नाही, आणि मशीन इतकं हळू झालंय की एक्सेल उघडेपर्यंत चहा होतो. मशीन चालू करताना आधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी येतात आणि एफ१ दाबा म्हणतो. ते दाबलं की पुढं जातं.

सगळ्यात भीती वाटली ती फाइलची. थकीत दिवसांच्या रकान्यात उणे तीन हजारांच्या वरचे आकडे दिसायलेत. व्हायरसनं फाइल खाल्ली का? फॉरमॅट मारू का? पेनड्राइव्हवर फाइल घेऊन ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, कॉम्प्युटरला लावली तर तिथं पण लागण होईल का? कृपया कुणीतरी नीट सांगा.

बालाघाट

ताई, विंडोज १० बंद झालंय ना १४ ऑक्टोबर २०२५ ला. आता त्याच्यावर कोणताच अँटीव्हायरस चालणार नाही. नवीन मशीन घ्या.

उदगीरकर

टेलिग्रामवर लायसन्स की फुकट मिळते. ती टाकून बघा, माझं तसंच चालू आहे.

मोंढा_नाका

उदगीरकर, राग मानू नका, पण बचत गटाचा हिशेब असलेल्या मशीनवर हा सल्ला देऊ नका. की काढून देणारं जे चोरीचं सॉफ्टवेअर त्या ग्रुपांवर फिरतं, ते चालवायच्या आधी ‘अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतात. मग आत काय शिरलं ते कोण बघणार?

बालाघाट, तारीख बरोबर आहे, अर्थ चुकला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती ग्राहकांना वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोजमध्ये आधीच असलेल्या डिफेंडर या अँटीव्हायरसला नव्या व्हायरसांची ओळख मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार, हे मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलंय. पुढेमागे मशीन बदलावं लागेल हे खरं, पण ताईंचा आजचा त्रास त्याच्यामुळं नाही.

ताई, नांदेडला हार्डवेअरचं काम करतो मी. फॉरमॅट अजिबात मारू नका. मला तीन गोष्टी सांगा. उजव्या कोपऱ्यात खाली तारीख काय आहे, सालासकट? लाल त्रिकोणाच्या पानावर ‘क्लॉक’ असा शब्द दिसतो का? आणि काम झाल्यावर तुम्ही भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करता का?

दुधनाकाठ

दादा, आत्ता बघून आले. तारीख १ जानेवारी २०१६ आहे! त्रिकोणाच्या पानावर लिहिलंय की युवर क्लॉक इज बिहाइंड. आणि बोर्डाचं बटन रोज रात्री बंद करतो. आमच्याकडं लाईट जाते-येते, येताना कधी कधी व्होल्टेज एवढं येतं की शेजारचा टीव्ही उडाला होता. विजा कडकडत असल्या तर प्लगच काढून ठेवतो.

मोंढा_नाका

प्लग काढता ते योग्यच करता, ती सवय मोडू नका. तुमच्या मशीनला व्हायरस झाल्याची एकही खूण मला यात दिसत नाही. मदरबोर्डवरचा, म्हणजे सीपीयूच्या आतल्या मुख्य पाटीवरचा, सेल मेलाय.

नीट सांगतो, कारण हे न कळल्यामुळं मराठवाड्यात दर पावसाळ्यात कितीतरी चांगली मशीनं उगाच फॉरमॅट होतात.

मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा. नंबरातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. बोर्डाचं बटन चालू असेल तर मशीन बंद असूनही सीपीयूतला पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो, सेलवर भार येत नाही. बटन बंद केलं किंवा लाईट गेली की सगळा भार सेलवर. त्यामुळं आपल्याकडं जिथं लाईटचा भरवसा नाही, तिथं तो लवकर संपतो. संपला की प्रत्येक वेळी वीज तुटली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. तुमच्या मदरबोर्डची ती तारीख १ जानेवारी २०१६. काळ्या पडद्यावर एफ१ मागतो तो याच्यासाठीच.

आता अँटीव्हायरस का बिघडतो. कंपनीच्या सर्व्हरकडं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्याच्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचं मशीन २०१६ मध्ये बसलंय. त्याच्या हिशेबानं त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून ते संपर्क तोडतं. बँकेची साइट उघडेना तीपण याच कारणानं. लायसन्सचंही तेच. तुम्ही ते विकत घेतलंय अशी तारीखच मशीनच्या लेखी उजाडलेली नाही.

दुकानात चालला कारण तिथं त्यांनी तारीख नीट लावली आणि मशीनची वीज तोडली नाही. तुम्ही वायर काढून घरी आणलं तेव्हा रस्त्यातच तारीख पुन्हा मागं गेली. घरच्या नेटचा यात काही दोष नाही.

कुणी म्हणेल विंडोज नेटवरून वेळ आपोआप लावतं की. लावतं, पण फरक थोडा असला तर. घरच्या मशीनवर मूळ सेटिंगनुसार १५ तासांहून मोठा फरक दिसला तर ते स्वतःहून हात लावत नाही. दहा वर्षांचा फरक ते कुठून भरून काढणार.

बालाघाट

हे माहीत नव्हतं. माझ्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर पण एफ१ मागतो. बघतो उद्या.

दुधनाकाठ

दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचून. म्हणजे फाइल गेली नाही ना? उणे आकडे का दिसायलेत मग?

मोंढा_नाका

फाइल शाबूत आहे. थकीत दिवस काढायला तुम्ही आजची तारीख देणारं सूत्र वापरलं असेल, टुडे नावाचं. त्याला आज म्हणजे २०१६ वाटतंय, म्हणून हप्त्याची तारीख वजा केली की उणे येतं. घड्याळ नीट झालं की ते आकडे आपोआप सुधारतील.

पण एक गोष्ट आपोआप सुधारणार नाही, तिकडं नीट लक्ष द्या. हप्ता आल्यावर तारीख तुम्ही हातानं टाइप करता, का कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटन दाबून टाकता? त्या बटनानं मशीनची त्या क्षणाची तारीख कायमची छापली जाते. तसं करत असाल तर पावसाळा लागल्यापासूनच्या नोंदींत २०१६ च्या तारखा पडल्या असतील. त्या वहीशी ताडून हातानंच दुरुस्त कराव्या लागतील.

फायलींच्या यादीचंही बघा. तारखेनुसार लावली असेल तर या दिवसांत साठवलेल्या फायली २०१६ च्या म्हणून तळाला गेल्या असतील. हरवली म्हणून कुणी दुसरी नवी फाइल बनवली असेल तर दोन हिशेब होऊन बसतात.

आता काम. आधी हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि बाजूला ठेवा. ग्रामसंघाच्या मशीनला इतक्यात लावू नका. व्हायरसची खूण दिसत नाही म्हणालो, पण इतके दिवस अपडेट नव्हता, तेव्हा स्कॅन होईपर्यंत थांबलेलं बरं.

सेल इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळतो, फार महाग नसतो. मशीन बंद करा, बोर्डाचं बटन बंद, मागची वायर काढा. मग सीपीयूचं चालूचं बटन चार-पाच सेकंद दाबून धरा, आत राहिलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडा. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची जीभ असते, ती नखानं बाहेर ढकलली की सेल उचलतो. अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा दाबा. धूळ असेल तर कोरड्या रंगाच्या ब्रशनं हलकेच झाडा, ओलं फडकं नको.

चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, निळा किंवा करडा पडदा येईल. तिथं तारीख-वेळ लावा, एफ१० नं सेव्ह करा. विंडोज उघडल्यावर टाइम झोन कोलकाता, म्हणजे अधिक ५:३० आहे ना ते बघा.

उदगीरकर

ताई, मी ती की काढून टाकतो माझ्याकडची. दादांचं पटलं. एक सांगायचं होतं, अँटीव्हायरस बंद पडल्यावर स्क्रीनवर ‘या नंबरवर फोन करा’ असा पडदा आला तर फोन करू नका. आमच्या गल्लीतल्या काकांनी केला, समोरच्यानं एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचं अ‍ॅप) टाकायला लावून खात्यातून पैसे नेले. असं कुणासोबत झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावायचा.

दुधनाकाठ

मंडळी, सेल बसवला. मुलगी टॉर्च धरून उभी होती, मी जीभ दाबली. काळा पडदा गेला, सरळ विंडोज. बोर्ड रात्रभर बंद ठेवून सकाळी पाहिलं, तारीख बरोबर! बँकेची साइट उघडली. विकतच्या अँटीव्हायरसनं अपडेट घेतला, लायसन्सपण मान्य केलं.

पण मशीन अजून फार हळू आहे. आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये दोन-दोन नावं दिसायलीत.

मोंढा_नाका

ते भाच्यानं टाकलेल्यामुळं. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी राखण करायला बसले की एक जी फाइल उघडून तपासतो तीच दुसरा पुन्हा तपासायला घेतो, आणि मशीनचा दम निघतो. सेटिंगमधल्या अ‍ॅप्समधून फुकटातला काढा. काढूनही नाव राहिलं तर त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो मुळापासून काढायचं छोटं साधन असतं, तेच घ्या, इतर कुठल्या साइटवरचं नको. मग रीस्टार्ट.

विकतचा चालू असेपर्यंत डिफेंडरची राखण बंदच दिसेल, ती विंडोजचीच पद्धत आहे, घाबरू नका. पुढं लायसन्स संपल्यावर पैसे नसले तर विकतचा काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रीस्टार्ट झालं की पूर्ण स्कॅन लावा, पेनड्राइव्ह जोडूनच. वेळ लागेल, रात्री लावून ठेवा, फक्त लाईट जाणार नाही अशी रात्र बघा.

राखण खरंच चालू आहे का हे तपासायला ईआयसीएआर नावाची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांची साधी मजकूर फाइल, कसलंही नुकसान करत नाही. सगळे अँटीव्हायरस तिला ठरवून पकडतात. पकडली तर समजा चालू आहे.

दुधनाकाठ

फुकटातला काढला, एक्सेल आता लगेच उघडतं. पूर्ण स्कॅनमध्ये काही निघालं नाही. चाचणीची फाइल सेव्ह करताक्षणी उचलून कोंडली त्यानं.

तुम्ही म्हणालात ते कंट्रोल-अर्धविरामाचं बटन मी वापरतेच. सोळा सालाच्या तारखा पडलेल्या नोंदी निघाल्या. अध्यक्ष ताईंना बोलावून घेतलं, त्या वही वाचत गेल्या, मी तारखा बदलत गेले. दोघींनी जुळवून सह्या केल्या. येत्या मीटिंगला सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहोत, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायला नको.

दुकानदारांना पण सेलचं सांगून आले. ते म्हणाले, आता आधी तारीख बघत जाईन.

मोंढा_नाका

फार चांगलं केलंत. जुन्या सेलचं राहिलं: घरात लहान लेकरू असेल तर तो उघड्यावर ठेवू नका. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. असं कधी झालं तर उलटी काढत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि पुढच्या वेळी परभणीला गेलात की ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.