बीमवर वजन पाडलं की सिम्युलेशनमध्ये वाक जास्त का येतो?

प्रश्न: माइल्ड स्टीलच्या आय-बीमवर मधोमध वजन पाडायचं एक्स्प्लिसिट मॉडेल (वेळेचे बारीक टप्पे घेत आघात मोजणारं सिम्युलेशन) केलंय, पण टेस्टपेक्षा मॉडेलमधला बीम बराच जास्त वाकतोय, मेश (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची जाळी) बारीक केला तरी तेच. टेन्साइल टेस्टचा (नमुना ओढून घेतलेला) स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह जसाच्या तसा टाकलाय. कुठे बघू?

उत्तर १: स्ट्रेन रेट (मटेरियल किती वेगाने ताणलं जातं ते) घेतलाय का? टेन्साइल टेस्ट सावकाश होते, आघात काही मिलिसेकंदांचा, आणि स्टील जेवढं झटकन ताणाल तेवढा यील्ड स्ट्रेस (ज्याच्यापुढे स्टील कायमचं वाकतं तो) चढतो. माइल्ड स्टीलला काउपर-सायमंड्स या स्ट्रेन रेटच्या सूत्राचे स्थिरांक ४०.४ आणि ५ सर्रास वापरतात, म्हणजे सेकंदाला ४०.४ या रेटला यील्ड थेट दुप्पट. हाय स्ट्रेंथ स्टीलला मात्र हे आकडे अजिबात लावू नका, तिथे वाढ खूप कमी असते.

उत्तर २: त्याआधी कर्व्ह ट्रू स्ट्रेस-ट्रू स्ट्रेनमध्ये (मूळ मापांऐवजी ताणताना बदलत जाणाऱ्या मापांवर काढलेले) बदला, नाहीतर मटेरियल मऊच पडणार. अवरग्लास एनर्जीही (एलिमेंट खोटेच वेडेवाकडे होण्याशी जोडलेली) बघाच, इंटर्नल एनर्जीच्या (मटेरियलचा आकार बदलण्यात गेलेल्या ऊर्जेच्या) ५-१० टक्क्यांवर गेली असेल तर रिझल्टवर विश्वास ठेवू नका, वजन आदळतं तिथल्या फ्लँजवर (आय-बीमच्या आडव्या पट्टीवर) झूम केलंत की झिगझॅग एलिमेंट दिसतील.

प्रश्नकर्ता: धन्यवाद, माझं मॉडेल मिमी आणि मिलिसेकंदात आहे, तरी ४०.४ च ना?

उत्तर १: नाही नाही, मग मिलिसेकंदाला ०.०४०४. ५ तसाच राहू द्या.