जुना स्कूबी-डू डिस्कवर हवाय, कोणता संच घेऊ?

चिंचगुळ: नणंद दिवाळीला न्यू जर्सीहून येतेय, तिला आणायला सांगणार आहे. लेक सात वर्षांची. मला फक्त जुना स्कूबी हवाय, १९६९ मधला, स्क्रॅपी (स्कूबीचा छोटा पुतण्या) नसलेला. घरात जुना डीव्हीडी प्लेअर आहे, चालतो. बजेट अडीच हजार. ओटीटी सुचवू नका, हातात रिमोट दिला की लेक भलतीकडेच जाते.

निवांत_नाना: ओटीटीवर असेल की. फुकट.

खोडरबर: ब्लू-रेच घ्या. पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, हवेलीच्या आकाराच्या खोक्यातला संच निघाला होता, सगळे ४१ भाग. माझ्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे आले की आधी तिकडेच जातात. पैशांकडे बघू नका, अशा वस्तू पुन्हा मिळत नाहीत.

चिंचगुळ: ब्लू-रे प्लेअर नाहीये हो आमच्याकडे.

खोडरबर: मग तोही घ्या.

तिरपा_डोळा: ४१ चा आकडा बघून हुरळू नका. मूळ मालिका २५ भागांची, १९६९ ला १७ आणि १९७० ला ८. उरलेले १६ थेट १९७८ चे, वाहिनीही वेगळी. ते २५ भाग २००४ च्या चार डिस्कच्या डीव्हीडी संचात आहेत. तोच मागवा. पळापळीच्या वेळी गाणी वाजतात ना, ती दुसऱ्या सीझनमधली.

डबल_चहा: अमेरिकेतली डीव्हीडी मुळीच आणू नका! आम्ही भावाकडून मागवली. प्लेअरने आत घेतली, जरा घरघरला, 'चुकीचा रीजन' दाखवून बाहेर. डीव्हीडीवर ती कोणत्या भागात चालेल त्याचा क्रमांक असतो, तिकडचा रीजन १, आपला ५. आता त्या डिस्कवर चहाचे कप ठेवतो.

तिरपा_डोळा: बऱ्याच जुन्या प्लेअरना रिमोटवरून कोड देऊन सगळे रीजन चालू करता येतात. मॉडेल नंबर टाकून शोधा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर मात्र जपून, तिथे रीजन पाचदाच बदलता येतो, नंतर आहे तिथेच अडकतो.

निवांत_नाना: ओटीटीला रीजनची भानगड नाही.

वाडा_चिरेबंद: मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'संपूर्ण संच' घेतला होता. मुखपृष्ठ घरच्या प्रिंटरवरचं, भूत तोंड उघडणार आणि किंकाळी नंतर येणार. पैसे परत मागितले तर म्हणे सील फोडलंय. बाकी स्क्रॅपीला एवढं का झोडपता कळत नाही. १९७९ मध्ये मालिका बंद पडायला आली होती, त्यानेच तारली.

खोडरबर: तारली?? वाट लावली.

डबल_चहा: खोडरबरशी सहमत. आणि हिंदी डबिंगमध्ये जी मजा होती ती इंग्रजीत नाही.

वाडा_चिरेबंद: डॉन मेसिकच्या आवाजातला मूळ स्कूबी ऐकलाय का कधी? आणि स्कूबीचा दोस्त शॅगी, त्याला केसी केसमचा आवाज. पहिल्याच भागात ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागी रिकामं चिलखत बसलेलं असतं आणि त्याचं मुंडकं गळून पडतं, तेव्हा शॅगीचा आवाज कसा चिरकतो ते ऐका. फक्त ते मागून येणारं खोटं हसू बंद करता आलं असतं तर.

तिरपा_डोळा: धागा स्कूबीच्या संचाचा आहे. चिंचगुळ, एक लक्षात ठेवा, टीव्हीचं सेटिंग ४:३ करा. पूर्ण पडदा भरायला गेलात तर त्यांच्या टोळीतली वेल्मा फ्रीजसारखी रुंद दिसते.

चिंचगुळ: सर्वांचे आभार. कोड सापडला, प्लेअर मोकळा झाला. पण लेकीने मोबाइलवर मुखपृष्ठं बघितली आणि बॅटमॅनवर बोट ठेवलं. ते १९७२ चे स्कूबीचे, बॅटमॅनसारखे पाहुणे येतात ते मोठे भाग, त्यातले १५ भाग निवडून काढलेली २००५ ची डीव्हीडी आहे. नणंदेला तीच सांगितली. वापरलेली आहे, पण बजेटात बसली.

तिरपा_डोळा: २४ पैकी १५?! अहो, २०१९ च्या ब्लू-रेवर २३ आहेत, फक्त अ‍ॅडम्स फॅमिलीवाला नाही. आणि १९६९ चाच हवा म्हणून तुम्हीच लिहिलं होतं ना वर?

चिंचगुळ: लिहिलं होतं. मेसेज वाचलाय नणंदेने, आता बदलत नाही.

खोडरबर: हवेलीवाला परत बघा एकदा. फोटो टाकू?

पोस्टाची_पेटी: सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ब्लू-रे घ्या, ४१ भाग आहेत त्यात.