मदत हवी आहे : सोयाबीनच्या ढिगाचे गणित आणि ईथरऐवजी मिळणारे अल्कीन (बारावी विज्ञान)

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात राहणारे, बारावी विज्ञान शाखेचे चार विद्यार्थी आहोत. कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे, आणि सोयाबीनची काढणी व पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाल्यापासून आमच्यापैकी कोणी ना कोणी रोज शेतात असते. म्हणून त्या दिवशी जो वर्गात गेला असेल त्याने संध्याकाळी समाजमंदिरात बाकीच्यांना शिकवावे, असे आम्ही ठरवले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे प्रत्येक इंग्रजी संज्ञा आम्ही आधी मराठीत समजून घेतो. या पद्धतीने बरेच काही सुटले, परंतु पुढील दोन प्रश्नांत नेमकी चूक चौघांपैकी कोणालाच सापडत नाही.

पहिला प्रश्न डेरिव्हेटिव्हच्या (म्हणजे बदलाच्या दराच्या) उपयोगाचा आहे. शंकूच्या आकाराच्या वाळूच्या ढिगाचे गणित आम्ही सोयाबीनवर बसवून घेतले. थ्रेशरमधून ताडपत्रीवर मिनिटाला ०.०२ घनमीटर सोयाबीन पडते आणि ढिगाची त्रिज्या नेहमी उंचीच्या दुप्पट राहते. तर उंची ०.५ मीटर असताना ती किती वेगाने वाढत असेल? त्या क्षणी त्रिज्या १ मीटर असते, म्हणून आम्ही घनफळाच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी १ ठेवला, मग डेरिव्हेटिव्ह काढले, आणि उत्तर मिनिटाला १.९१ सेंटिमीटर आले. वर्गात दाखवलेल्या रीतीने मात्र ते ०.६४ येते. आमचे उत्तर बरोबर तिप्पट का यावे?

दुसरा प्रश्न विल्यमसन संश्लेषणाचा, म्हणजे हॅलाइड (येथे ब्रोमाइड) आणि अल्कॉक्साइड (अल्कोहोलपासून मिळणारा ऋण आयन) यांपासून ईथर तयार करण्याच्या पद्धतीचा आहे. टर्शरी ब्युटिल इथिल ईथर तयार करण्यासाठी आम्ही टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड ही जोडी लिहिली. ऑक्सिजनच्या एका बाजूला टर्शरी ब्युटिल आणि दुसऱ्या बाजूला इथिल गट येतो, ब्रोमाइड निघून जाते, मग उत्तर चुकीचे का ठरले, हे कळत नाही. वहीत फक्त ‘अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेले संयुग) मिळेल’ असा शेरा आहे.

कृपया नुसते उत्तर न देता आमचा विचार कोणत्या पायरीवर चुकला, ते सांगावे.

प्रतिसाद

मी अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे, माझीही अकरावी-बारावी गावाहून एस.टी.ने ये-जा करीतच झाली. तुम्ही आपली चुकलेली रीत पूर्ण लिहिलीत, त्यामुळे सांगणे सोपे झाले.

ढिगाच्या गणितात तुम्ही किंमत फार लवकर ठेवली. त्रिज्या १ मीटर आहे ती केवळ त्या क्षणी. डेरिव्हेटिव्ह काढण्याआधीच ती ठेवली की ती स्थिर आहे असे तुम्ही मान्य केले, म्हणजे बूड तेवढेच ठेवून वर नुसते टोक वाढणारा ढीग कल्पिला. खऱ्या ढिगात दाणे घरंगळून खाली येतात आणि बूडही पसरते. त्रिज्या उंचीच्या दुप्पट असल्यामुळे घनफळ चार तृतीयांश पाय (π) गुणिले उंचीचा घन इतके होते. त्याचे डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर घनफळाचा दर हा ४ पाय, उंचीचा वर्ग आणि उंचीचा दर यांचा गुणाकार येतो, तो ०.०२ इतका आहे आणि उंची ०.५ ठेवल्यास उंचीचा दर ०.०२ भागिले पाय, म्हणजे मिनिटाला सुमारे ०.६४ सेंटिमीटर मिळतो. तिप्पट आले ते उंचीच्या घनातील ३ हा घातांक सुटल्यामुळे. गुणाकाराचा नियम वापरून पाहा: पडणाऱ्या सोयाबीनपैकी दोन तृतीयांश भाग ढीग रुंद होण्यात जातो आणि एक तृतीयांशच उंचीला मिळतो, हे तुम्हाला स्वतः दिसेल.

ईथरच्या प्रश्नात तुम्ही उत्पादनाकडे पाहिले, अभिक्रिया कशी घडते तिकडे पाहिले नाही. विल्यमसन यांनी १८५० मध्ये मांडलेली ही पद्धत एसएन-२ मार्गाने चालते, म्हणजे अल्कॉक्साइडला ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने कार्बनपर्यंत पोहोचावे लागते. टर्शरी कार्बनभोवती (ज्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले आहेत त्याच्याभोवती) तीन मिथिल गट असल्यामुळे ही वाट बंद असते. परंतु इथॉक्साइड हा प्रबळ बेस आहे; तो शेजारच्या मिथिल गटावरचा हायड्रोजन काढून घेतो, ब्रोमाइड निघून जाते आणि २-मिथिलप्रोपीन तयार होते. म्हणून जोडी उलटी करा: गर्दीचा गट अल्कॉक्साइडकडे आणि मोकळा गट हॅलाइडकडे, अर्थात सोडियम टर्शरी ब्युटॉक्साइड आणि ब्रोमोइथेन.

मूळ प्रश्नकर्ते

दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही प्रश्न पुन्हा सोडवले. उंची १ मीटर असताना दर मिनिटाला सुमारे ०.१६ सेंटिमीटर येतो, म्हणजे उंची दुप्पट झाल्यावर दर एक चतुर्थांश होतो. तसेच इथॉक्सीबेन्झीनसाठी आम्ही सोडियम फिनॉक्साइड आणि ब्रोमोइथेन अशी जोडी निवडली. ब्रोमोबेन्झीनमध्ये ब्रोमीन बेन्झीनच्या वलयाच्याच कार्बनवर असल्याने मागून पोहोचण्यास वाटच नाही, असे कारण लिहिले. हे कारण पुरेसे आहे का?

प्रतिसाद

कारण बरोबर आहे, पण अर्धे आहे. वलयातील इलेक्ट्रॉनांच्या अनुनादामुळे (रेझोनन्समुळे, म्हणजे इलेक्ट्रॉन अनेक अणूंवर पसरल्यामुळे) कार्बन-ब्रोमीन बंधाला अंशतः दुहेरी बंधाचे स्वरूप येते आणि तो सहज तुटत नाही, हेही लिहा.