मार्कमधला येशू कॅलेंडरवरच्या येशूसारखा का वाटत नाही?

येरवडा_स्वारगेट:

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही मूळचे नगरकडचे, तीन पिढ्या ख्रिस्ती, आता येरवड्यात राहतो. संडे स्कूल झालंय, नाताळच्या नाटकात दोनदा मेंढपाळ झालोय, पण खरं सांगायचं तर पवित्र शास्त्र (बायबल) स्वतःहून सलग असं कधी वाचलंच नव्हतं, उपासनेत पाळकसाहेब वाचतील तेवढंच कानावर. आता आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये (घरोघरी भरते ती प्रार्थनासभा) ठरलं की मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चार चरित्रांपैकी प्रत्येकाने एक शुभवर्तमान पूर्ण वाचायचं आणि "मला येशू कसा दिसला" यावर दहा मिनिटं बोलायचं. मी हुशारी केली आणि मार्क घेतलं, १६च अध्याय, सगळ्यात छोटं. सकाळी बसमध्ये मोबाइलवर वाचतो.

आणि अडकलो ना राव. आजीच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, वर्ष संपल्यावर चित्र कापून फ्रेम केलेलं, गोरापान येशू, हातात कोकरू, केस अगदी विंचरलेले. तोच डोक्यात बसलाय. मार्कमधला तसा नाहीच! ३ऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करायच्या आधी तो सभास्थानातल्या (यहुद्यांचं प्रार्थनाघर) लोकांकडे रागाने बघतो. त्याच अध्यायात घरचेच लोक त्याला धरून न्यायला निघतात, म्हणे याला वेड लागलंय. ७व्यात ती परदेशी बाई पोरीसाठी पाया पडते तर तिला सांगतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही. ८व्यात पेत्राला, आपल्याच शिष्याला, सरळ सैतान म्हणतो. ११व्यात तर कहर, भूक लागली, पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसलं, फळ नाही म्हणून झाडाला शाप, आणि वर मार्क स्वतःच सांगतो की अंजिराचा हंगामच नव्हता. मग झाडाची काय चूक??

पुढच्या रविवारी बोलायचंय. "येशू मला चिडका वाटला" म्हटलं तर आमच्या काकू मंडळी मला तिथेच प्रार्थनेला बसवतील. कोणी नीट वाचलं असेल तर सांगा, मी चुकीचं वाचतोय का?

गुरुवारपेठी:

बाळ, आधी तो मोबाइल ठेव आणि छापील पुस्तक घे, आणि घरी मोठ्याने वाच. बसमध्ये वाचलेलं बसमध्येच राहतं.

पण चुकीचं वाचत नाहीयेस. पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस सांगतोय (हो तेच पंचहौद, १८९० मध्ये जिथे मिशनऱ्यांकडे चहा प्यायले म्हणून लोकमान्य आणि रानडे यांच्यामागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं). अख्ख्या मार्कमध्ये जो तो हेच विचारतोय, हा आहे तरी कोण? ४थ्या अध्यायात वादळात होडी बुडायला आलीय आणि हा मागे उशी घेऊन झोपलाय. शिष्य उठवतात, तुम्हाला आमची काही पर्वाच नाही का म्हणून. हा वाऱ्याला दटावतो, वारा थांबतो, आणि मग ते जास्त घाबरतात, एकमेकांना विचारतात हा कोण. भुतांना कळलंय तो कोण ते, शिष्यांना नाही!

८व्यात जरा हळू जा. बेथसैदाचा आंधळा. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो, विचारतो काही दिसतंय का. तो म्हणतो माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग येशू परत हात ठेवतो. एका फटक्यात बरं झालं नाही असा हा एकच माणूस. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढल्यावर सून समोर उभी होती, मला फक्त पिवळी साडी दिसली, चेहरा नाहीच, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा कळली. याच्या लगेच पुढे येशू विचारतो तुम्ही मला कोण म्हणता, पेत्र म्हणतो आपण ख्रिस्त आहात. बरोबर उत्तर. आणि दुसऱ्याच क्षणी येशू दुःखाचं, मरणाचं बोलतो तर हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे दिसलं, पण झाडासारखं. म्हणून सैतान. शिवी म्हणून वाचू नकोस, तिथे जिवाला लागलेलं आहे.

अजून एक. आपल्या शास्त्रात येशूला "ते" नाही, "तो" आहे. योहानात लाजराच्या, म्हणजे मेलेल्या मित्राच्या, कबरीपाशी "येशू रडला", संपलं वाक्य. विठोबाला कोणी "ते" म्हणत नाही, तसंच. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं ते खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून, आणि ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर ख्रिस्ताला माउली म्हणायचे. माउलीला राग येत नाही असं कोणत्या घरात असतं?

ग्रीक_शिकतोय:

काकांशी सहमत, थोडी भर. राग ही तुझी कल्पना नाही. १ल्या अध्यायात कुष्ठरोग्याला बघून येशूला कळवळा आला असं आपण वाचतो ना, काही मोजक्या जुन्या हस्तलिखित प्रतींमध्ये तिथे "रागावून" असा शब्द आहे. बरेच अभ्यासक म्हणतात तोच मूळचा असू शकतो, कारण नकल करणारा राग काढून कळवळा घालेल, उलटं कशाला करेल? मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात पण भावनेचा शब्दच गाळतात. ३ऱ्या अध्यायातला रागसुद्धा दोघांनी गाळलाय. म्हणजे तुझी अडचण जुनी आहे 😄

आणि ३ऱ्यातला तो राग कोणावर ते बघ. शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, हात बरा करावा की नाही विचारल्यावर जे गप्प बसले त्यांच्यावर. त्या वाळलेल्या हाताच्या माणसावर नाही.

कुत्र्यांचं म्हणशील तर मूळ ग्रीकमध्ये शब्द लहान कुत्र्यांचा आहे, घरात पाळलेल्या...

गुरुवारपेठी:

लहान म्हटलं तरी कुत्रीच रे. त्या बाईला ऐकायला काय वाटलं असेल? ते वाक्य गुळगुळीत करू नका. मार्कने नाही केलं.

ग्रीक_शिकतोय:

मान्य काका. पण तिचं उत्तर बघा ना, खरंय प्रभू, पण टेबलाखालची कुत्रीही मुलांच्या हातून सांडलेला चुरा खातात. मत्तयात येशू म्हणतो तुझा विश्वास मोठा. मार्कमध्ये या गोष्टीत विश्वास शब्दच नाही, तो म्हणतो "या बोलण्यामुळे" जा, पोर बरी झालीय. मोठमोठे शास्त्री-परूशी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, वादात हरतात आणि ही एक परकी बाई जिंकते, आणि तो जिंकू देतो. मला तरी कॅलेंडरपेक्षा हा जास्त आवडतो.

सासवडकर:

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे, पण अंजिराचा विषय निघाला म्हणून लिहितो, पुरंदरला आमची दीडशे झाडं आहेत. आमच्याकडे दोन बहार, खट्टा आणि मीठा. छाटणी करून, पाणी तोडून बहार धरावा लागतो, तिकडची झाडं तशी नसणार, त्यामुळे सरळ तुलना नको. पण एक गोष्ट कुठल्याही अंजिराची सारखीच. पान फुटतं तेव्हाच पानाच्या देठापाशी हिरवी गाठ धरते. पिकायला वेळ लागतो, पण गाठ दिसते, दाबली तर बोटाला चीक लागतो आणि दिवसभर खाजवतं. झाड पानांनी गच्च आणि खाली एकही गाठ नाही म्हणजे त्या बहाराला काही मिळणार नाही, हे लांबून नाही कळत, फांदी वर करून बघावं लागतं. हंगाम नव्हता म्हणजे पिकलेलं नसणार हे त्या माणसालाही माहीत असेल की, तो सुताराचं काम करणारा, झाडं त्याला कळत असणार. त्याने पानं बघून आशा धरली.

तरीपण शाप मला पटला नाही. बापाने लावलेलं झाड माणूस असं वाळवत नाही.

ग्रीक_शिकतोय:

सासवडकर, एक नंबर. मार्कने ती गोष्ट दोन तुकड्यांत कापलीय, शाप, मग देवळात जाऊन सराफांचे चौरंग उलथवणं, मग दुसऱ्या दिवशी वाळलेलं झाड. देऊळ पानांनी गच्च होतं, फांदी वर करून बघितली तर गाठ नाही. तुमच्यामुळे हे आज दिसलं.

नाईटड्युटी:

मी नर्स आहे, तिसऱ्या दिवसाची नाईट, चुका माफ करा. ५वा अध्याय परत वाच भाऊ. याईर म्हणून सभास्थानाचा एक अधिकारी, त्याची १२ वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू निघालाय, आणि मध्येच गर्दीत १२ वर्षं रक्तस्राव असलेली बाई कपड्याला हात लावते, वैद्यांवर सगळा पैसा घालवून आजार वाढलेला. आणि तो थांबतो! कोणी हात लावला विचारत बसतो. आमच्याकडे इमर्जन्सी सोडून असं कोणी थांबलं ना तर नातेवाईक काचा फोडतील. मला नेहमी याईराचा चेहरा डोळ्यासमोर येतो, काही न बोलता उभा. तेवढ्यात निरोप येतो, मुलगी गेली. ती बाई तर कोणाच्याच हिशोबात नव्हती, तिला तो "मुली" म्हणतो. मग घरी जाऊन त्या मुलीचा हात धरून उठवतो, सगळे थक्क, आणि हा काय म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. सगळं घर आनंदात वेडं झालेलं असताना पोर उपाशी आहे हे कोणाच्या लक्षात येतं? वॉर्डात दोन-चार जणच असतात असे.

येरवडा_स्वारगेट:

रविवार झाला. दहाची पंचवीस मिनिटं झाली. छापील पुस्तक घेऊन गेलो होतो काका. राग, कुत्री, अंजीर, सगळं बोललो, काही लपवलं नाही, झाड अजून मलाही पूर्ण पटलेलं नाही तेही सांगितलं. थोडी कुजबूज झाली. मग नर्स ताईंनी लिहिलेलं ते जेवणाचं वाचून दाखवलं तर मागे बसलेल्या एक काकू, ज्यांची मला सगळ्यात धास्ती होती, त्या म्हणाल्या, चिडका तर चिडका, पण एवढ्या गडबडीत पोरीला जेवायला द्या म्हणणारा पुरुष मी आमच्या घरात तरी नाही बघितला. त्यांचे यजमान शेजारीच बसलेले 😅

पुढच्या वेळी लूक. सासवडकर, मीठा बहार लागला की मेसेज करा, फांदी वर करून बघायचीय.