'क्वायटो' हा शब्द कुठला?

तात्याबा: दक्षिण आफ्रिकेतला गायक आर्थर माफोकाटे याला 'क्वायटोचा राजा' म्हणतात, क्वायटो म्हणजे तिकडचा एक संगीतप्रकार. क्वायटो हा शब्द तिथल्या झुलू भाषेतला आहे का? अर्थ काय?

रानवारा: झुलू नव्हे, आफ्रिकान्स, म्हणजे डच भाषेतून तिकडे तयार झालेली भाषा. 'क्वाय' म्हणजे रागीट, तापट. जोहान्सबर्गच्या टाउनशिपमधल्या (कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या वस्त्यांमधल्या) पोरांच्या बोलीत त्याचा अर्थ फिरला आणि तो 'भारी', 'जबरी' झाला. आपण नाही का 'खतरनाक वाजवलंय' म्हणत! 1950च्या दशकात जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन भागात 'आमाक्वायटो' नावाची गुंडांची टोळी होती, तिच्यावरून नाव पडलं असंही सांगतात. टोळीनेही ते 'क्वाय'वरूनच घेतलं असणार.

तात्याबा: म्हणजे तिकडचं हिपहॉपच की.

रानवारा: असं म्हटलेलं तिकडच्या बऱ्याच जणांना रुचत नाही. पाया हाउस संगीताचा (क्लबमध्ये नाचण्यासाठीचं इलेक्ट्रॉनिक संगीत), वेग उतरवलेला. हाउस मिनिटाला 120च्या आसपास ठोके घेतं, क्वायटो 100-110वर रेंगाळतं. खाली जाड बेस, वर घोषणेसारख्या दोनचार ओळी, पुन्हा पुन्हा. आर्थर जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो टाउनशिपचा, आणि मुळात नाचणारा. तिकडची गायिका ब्रेंडा फासी हिच्या मागे नाचायचा, नंतर गायक झाला. त्याचं 'ओयी ओयी' ऐका, शब्द कळले नाहीत तरी पाय हलतात. 999 म्युझिक ही गाण्यांची कंपनीही त्याचीच, 'अबाशांते' हा गट त्यानेच पुढे आणला.

मांडवी: शब्दांचंच चाललंय तर आर्थरचं 1995चं 'काफिर' हे गाणं कसं विसरता? दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा हक्क मिळून जेमतेम वर्ष झालेलं, आणि हा गोऱ्या मालकाला तोंडावर सांगतो, मला काफिर म्हणू नकोस. शब्द मूळ अरबी, 'न मानणारा'. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी मुसलमान नसलेल्या स्थानिकांना तो लावत. पोर्तुगीजांनी उचलला, डचांकडे गेला, आणि गोऱ्यांच्या राज्यात त्याची शिवी झाली. आफ्रिकी माणसासाठी गोव्यात वापरतात ते 'खाप्री' त्याच घरचं. चिकन काफ्रियालही.

तात्याबा: काफ्रियाल?! आमच्याकडे दर रविवारी होतं.

मांडवी: होऊ द्या, पदार्थाचा काय दोष. दक्षिण आफ्रिकेत मात्र हा शब्द उच्चारणंही टाळतात, 'के-शब्द' म्हणतात. पोलिसांना तो वापरून शिवीगाळ केल्याबद्दल 2018मध्ये एका बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

रानवारा: म्हणून मराठीत लिहिताना गाण्याचं नाव म्हणून तो अवतरणात ठेवावा. माणसांसाठी 'कृष्णवर्णीय' आहेच.