तारण कृपेने, मग याकोब कर्मांचं काय सांगतो?

प्रश्न: बायबलच्या नव्या करारातलं पौलाचं पत्र रोमकरांस ३:२८ म्हणतं, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो. याकोबाचं पत्र २:२४ म्हणतं, केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही. अभ्यासवर्गात हे कसं मांडावं?

उत्तर १: आधी अब्राहामाचा क्रम लावा. उत्पत्ती १५:६ मध्ये तो नीतिमान गणला गेला. सुंता आली १७व्या अध्यायात, इसहाकाचं अर्पण २२व्यात. पौल रोमकरांस ४:१० मध्ये नेमकं हेच विचारतो: सुंतेआधी की नंतर? आधी! याकोब मात्र २२व्या अध्यायाकडे बोट दाखवतो आणि तिथे १५:६ ‘पूर्ण झालं’ म्हणतो. पौलाचा रोख कर्मांच्या जोरावर देवापुढे हक्क सांगणाऱ्यांवर आहे. याकोबासमोर उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून रिकाम्या हाती पाठवणारे लोक आहेत. असला विश्वास भुतांनाही असतो (२:१९).

उत्तर २: सहमत. गडबड बहुतेकदा इफिसकरांस २:८-९ वाचून थांबल्यामुळे होते. दहावी ओवी सोडूच नका: सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो. कृत्यं तारणाचं फळ आहेत, त्याची किंमत नव्हे. आणि कृपा म्हणजे पापाला मोकळीक, या आक्षेपाला रोमकरांस ६:१-२ लगेच वाचून दाखवा.

उत्तर ३: वर्गात कॅथलिक असतील तर ‘ते कर्मांनी तारण मानतात’ असं कृपया म्हणू नका, ते अन्यायाचं आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनेही १५४७ मध्ये कृपेविना केवळ स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं ही शिकवण नाकारली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) व कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मतभेद उरलेत, पण ते वेगळ्या मुद्द्यांवर.